आलेखाची रिकामी बाजू

मेडिकल कॉलेजात मी डॉक्टर नव्हते. तिथे ज्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप नाही त्याला एकतर पेशंट समजत, नाहीतर क्लार्क. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून सामाजिक आरोग्याच्या विभागात लागले होते. पोस्ट हंगामी, विभागप्रमुखांची सही झाली की पुढचं वर्ष मिळायचं. डॉक्टर मंडळी मला ‘आकडेवाल्या बाई’ म्हणत. प्रबंध लिहिणारी मुलं अगदी शेवटी धावत यायची. ‘बाई, एवढं जरा सिग्निफिकंट करून द्या ना.’ जणू मी शिंपीण होते आणि त्यांचा सदरा बगलेत थोडा सैल करून द्यायचा होता. मी म्हणत असे, आकडे आहेत तसे आहेत, तुम्हाला आवडत नसतील तर तो तुमचा प्रश्न. त्यामुळे मी फारशी कोणाची लाडकी नव्हते.

विभागप्रमुख सरांची मात्र होते. ते पुण्याकडचे, बोलणं स्वच्छ, कपडे त्याहून स्वच्छ. विभागात आलेली पहिली बाई मी, त्यातून नागपुरातल्याच जरीपटक्याकडून सायकलवर येणारी, गिरणी कामगाराची मुलगी. इतर प्राध्यापक माझ्याशी बोलताना छताकडे पाहत, सर माझ्याकडे पाहून बोलत. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एखाद्या दुष्ट माणसाशी झालेलं भांडण नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडणं सोपं असतं.

माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल होता. आमच्या वस्तीत हा आजार घरोघरी होता, पण पुष्कळ वर्षं त्याला नाव नव्हतं. ‘हाडं दुखतात पोरीचे’ एवढंच आई सांगायची. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात आणि माणूस वेदनेनं कळवळतो. धाकटीला थंडीत त्रास व्हायचा, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की व्हायचा, आणि कधी काहीच कारण नसताना व्हायचा. तरीही ती शिकली, आणि प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिच्या वर्गातली पोरं तिला टरकून असत.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी या आजारावर एका गोळीचं फार नाव झालं. गोळी जुनीच, दुसऱ्या कशावर तरी वापरली जाणारी. पण ती घेतली की पेशी वाकत नाहीत, दुखण्याचे झटके कमी येतात, असं बाहेरच्या कुणीतरी लिहिलं आणि मग सगळीकडून लेख येऊ लागले. आमच्या भागातला पहिला लेख सरांचा होता. धाकटी त्यांच्याच सल्ल्यानं वर्षभराहून जास्त ती गोळी घेत होती. गोळीनं तिला मळमळायचं. ताटावरून ती अर्ध्यात उठायची. ‘तोंडाले चवच नाही वं,’ म्हणायची. सरांना विचारलं तर ते म्हणाले, होतं तसं, पण फायदा मोठा आहे.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांची एक मोठी परिषद नागपुरात भरायची होती. सरांनी मला खोलीत बोलावलं.

“या गोळीवर जेवढं छापून आलंय तेवढं सगळं एकत्र करायचं,” ते म्हणाले. “आकडे तुम्ही पाहा, बोलेन मी. लेखावर तुमचंही नाव राहील.”

माझ्या पदावरच्या माणसाचं नाव लेखावर येणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. मी आनंदानं कामाला लागले. लायब्ररीतून लेख काढले, जे तिथे नव्हते ते मुंबई-दिल्लीहून मागवले. वाचत गेले तसा आनंद वाढत गेला. सगळे लेख गोळीच्या बाजूनं! बहीण म्हणून मला दुसरं काय हवं होतं?

पण सगळे म्हणजे अगदी सगळे. तिथेच कुठेतरी मला खुपायला लागलं.

आमच्या शास्त्रात एक साधी गोष्ट आहे. मिरचीच्या पोत्यातून चिमूटभर घेऊन चाखली तर कधी तोंड पेटेल, कधी काहीच वाटणार नाही. चांगली पायलीभर घेऊन कुटली तर पोतं कसं आहे ते बऱ्यापैकी कळेल. थोड्या रोग्यांवर केलेल्या अभ्यासात नशिबाचा हात मोठा असतो. औषधात खरोखर थोडासाच गुण असेल, तर लहान अभ्यासांतल्या काहींत तो खूप दिसायला हवा, काहींत अजिबात दिसायला नको, आणि काहींत तर गोळी घेणाऱ्यांनाच जास्त त्रास झालेला दिसायला हवा. हे कुणाच्या चुकीमुळे नाही, निव्वळ योगायोगानं.

मी आलेखाचा कागद घेतला. वर मोठे अभ्यास, खाली लहान. मध्ये ‘काही फरक नाही’ ही रेघ, उजवीकडे गुण आला ते, डावीकडे उलट त्रास वाढला ते. प्रत्येक लेखाचा एक ठिपका. वरचे मोठे अभ्यास मोजकेच होते, आणि ते मधल्या रेघेला जवळजवळ चिकटून बसले. म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय, फारसा फरक नाही. खाली लहान अभ्यासांची गर्दी होती, सगळी उजवीकडे. जितका अभ्यास लहान, तितका गोळीचा गुण मोठा. आणि डावीकडे, जिथे काही ठिपके असायलाच हवे होते, तिथे कोरा कागद.

मला कुणी हे शिकवलं नव्हतं. पुढे परदेशात लोकांनी असेच आलेख काढले, त्यांना नावं दिली, हे फार नंतर कळलं. त्या दुपारी मी फक्त त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिले. कारण ती जागा कोरी असण्याचा एक अर्थ असा होता, की ते अभ्यास झालेच. फक्त आपल्यापर्यंत आले नाहीत.

घरी आले तर धाकटी ओसरीवर बसून पोरांच्या वह्या तपासत होती.

“काहून अशी दिसून राहिली, ताई? सरांनी झापलं का?”

मी तिला कागद दाखवला आणि सगळं सांगितलं. शाळा शिकवणाऱ्या बाईला समजावणं सोपं असतं; न समजल्याचं सोंग ती घेत नाही.

“म्हणजे ज्यायच्या पेशंटले गुण नाही आला, ते लेख गेले कुठं?”

“छापले नसतील.”

“काहून?”

“‘गुण आला नाही’ हे कोण छापणार? लिहिणाऱ्याला लिहावंसं वाटत नाही, संपादकाला छापावंसं वाटत नाही.”

ती हसली. तिचं हसणं जरा बोचरंच होतं.

“आपल्या घरी तरी काय होते वं? मले पाहाले किती जण पोहे खाऊन गेले? गल्लीत कोणाले माहीत आहे का ते? एकानं होकार दिला असता त बाबांनी पेढे वाटले असते. नकार सारे घरातल्या घरात गिळले आपण. बाहेरच्याले वाटते, हिचं लग्न हिनंच नाही केलं.”

नकार का येत ते आम्हा दोघींना माहीत होतं.

“मंग सांग,” ती वही मिटून म्हणाली, “मी गोळी खाऊ का नको?”

“आत्ताच सांगता नाही येत. नुसत्या कोऱ्या जागेवरून सिद्ध काही होत नाही.”

“त माहीत कर ना. तू आकडेवाली. मी का करू ते?”

दुसऱ्या दिवशी मी आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी तो नीट पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला.

“याला दुसरं कारण असू शकतं,” ते म्हणाले. “लहान अभ्यासात डॉक्टर एकेका रोग्याकडे जास्त लक्ष देतो. गोळी वेळेवर घेतली की नाही ते बघतो. म्हणून गुण जास्त दिसतो.”

मुद्दा रास्त होता, आणि मी तसं म्हटलं. “असेल, सर. नाहीतर डावीकडचे अभ्यास कुणीतरी केलेत आणि ते पडून आहेत. दोन्हीपैकी काय खरं, ते ज्यांनी गोळी दिली त्यांना विचारलं तर कळेल.”

“विचारा,” सर म्हणाले. तेव्हा ते मनापासून म्हणाले, असं मला आजही वाटतं.

मी विदर्भातल्या आणि छत्तीसगडकडच्या दवाखान्यांना पत्रं टाकली. एकच प्रश्न: ही गोळी तुम्ही पद्धतशीर देऊन पाहिली का, आणि काय दिसलं? ‘गुण आला का’ असंही विचारलं नाही, ‘नाही आला का’ असंही नाही. पुष्कळांनी उत्तरच दिलं नाही. पण जी उत्तरं आली त्यांत पुन्हा पुन्हा तेच: देऊन पाहिली, फरक दिसला नाही, मग सोडून दिलं. एकानं लिहिलं होतं, ‘यात कळवण्यासारखं काही नाही, तरी आपण विचारलंत म्हणून.’

वर्ध्याकडच्या एका डॉक्टरांनी मात्र उलट लिहिलं. त्यांच्या रोग्यांना चांगला गुण आला होता, फक्त लेख लिहायला सवड झाली नव्हती. मी तोही ठिपका आलेखावर उजवीकडे टाकला. धाकटीनं पाहिलं.

“हा कायले टाकते? तुझं म्हणणं कच्चं होते यानं.”

“हा गाळला तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?”

तिनं पेन्सिल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “टाक टाक. मोठा टाक.”

भिवापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पत्राचं उत्तर दिलं नाही, पण एका विद्यार्थ्याकडून निरोप पाठवला, की प्रत्यक्ष या. मी एसटीनं गेले. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत पडलेली, आणि अख्खा स्टँड ठसकत होता. डॉक्टर तिशीचे, सडपातळ. बाहेरची रांग संपेपर्यंत त्यांनी मला थांबवलं, मग दार लोटून घेतलं.

“तुम्ही सरांच्याच विभागातून आलात, आणि हे मला विचारता?” ते म्हणाले.

मला कळेना.

“माझ्या एम.डी.चा पहिला विषय हीच गोळी होती, मॅडम. तुम्ही लागायच्या आधीची गोष्ट. सरांच्या हाताखालीच केलं. त्यांच्या पहिल्या लेखात होते त्याहून जास्त पेशंट होते माझ्याकडे. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. मी घरोघरी जाऊन पाहत होतो. कोणी गोळी चुकवली नाही.”

“मग?”

“मग काही नाही. दोन्हीकडे सारखंच. उलट गोळीवाल्या पोरांचं खाणं तुटलं. सर म्हणाले, यात निष्कर्ष नाही, परीक्षकांसमोर हे ठेवता येणार नाही, विषय बदला. मी बदलला. गोवरावर लिहिलं आणि पास झालो.”

सर म्हणाले होते ते कारण तिथेच निकालात निघालं. इथे डॉक्टरचं लक्ष पूर्ण होतं, आणि गुण नव्हता.

“तुमचे तक्ते मला द्याल?”

“देतो. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका. बदलीचा अर्ज पडला आहे माझा, आणि सरांच्या शब्दाला मंत्रालयापर्यंत वजन आहे.”

मी शब्द दिला. परतीच्या एसटीत माझा राग मावेना. माझी बहीण ज्या वर्षी पहिल्यांदा ती गोळी घेऊन ओकली, त्याच्या कितीतरी आधी आमच्याच इमारतीत, आमच्याच मजल्यावर उत्तर तयार होतं.

घरी येऊन मी धाकटीला सगळं सांगितलं. तिनं कपाटातली बाटली काढली, मोरीत रिकामी केली. पुढच्या आठवड्यात तिनं आईला कोथिंबिरीच्या सांबारवड्या करायला लावल्या आणि ताट चाटूनपुसून खाल्लं. दुखणं पूर्वी होतं तसंच राहिलं. वाढलं नाही, कमी झालं नाही. एकीच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला बजावलं.

“मले सिद्ध नाही कराचं,” ती म्हणाली. “मले जेवाचं आहे.”

सरांसमोर मी नवा आलेख ठेवला. ‘फरक नाही’ म्हणणाऱ्यांचे आकडे रेघेच्या जरा इकडे-तिकडे पडले होते; डावी बाजू आता कोरी नव्हती. छापलेले आणि न छापलेले सगळे मिळून ठिपक्यांचा पसारा मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा पडला होता. सरांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हा मधल्या रेघेवरचा नवा ठिपका कुणाचा?”

“सर, तो तुम्हाला माहीत आहे.”

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता. “तो अभ्यास फसलेला होता, बाई.”

“कसा फसला?”

“काही निष्पन्न झालं नाही.”

“गोळीचा उपयोग नाही, हे निष्पन्न झालं की.”

“या लोकांकडे दुसरं काय आहे?” सर एकदम मोठ्यानं म्हणाले. “तुम्ही मला सांगा. रक्त द्या, सलाईन लावा, दुखणं थांबवायची सुई द्या. याच्यापलीकडे आपण काय देतो? निदान गोळीनं आशा तरी वाटते.”

“माझी बहीण या लोकांपैकीच आहे, सर. तिला आशेनं ओकाऱ्या होत होत्या.”

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. पाठमोरेच बोलले. “परिषदेत फक्त छापलेलं मांडायचं. आलेख काढून टाका. नाहीतर लेखावरून तुमचं नाव काढावं लागेल.”

“नाव काढा,” मी म्हटलं, आणि बाहेर आले.

बाबांना सांगितलं की नोकरी जाणार. ते गिरणीतून येऊन पायावर पाणी घेत होते.

“चूक केली का तू काही?”

“नाही.”

“खोटं बोलली?”

“नाही.”

“मंग जाईल त जाईल. मान खालीच घालाची होती, त तुले खांद्यावर बसवून त्या दिवशी मैदानावर कायले गेलो असतो मी?” एवढं बोलून त्यांनी आईला चहा मागितला. आमच्या घरात छप्पन सालच्या त्या धम्मदीक्षेचा उल्लेख असाच व्हायचा, बोलता बोलता, आणि मग त्यावर वाद संपायचा.

परिषदेला सभागृह भरलेलं होतं. मी मागच्या बाजूला, धाकटीला शेजारी घेऊन बसले. तिला आत यायला निमंत्रण नव्हतं. ‘मी यायच्या पेशंटपैकी आहे, याच्यापेक्षा मोठं निमंत्रण कोणतं?’ असं म्हणून ती आली. सरांनी लेख मांडला. सुंदर बोलले. छापलेले सगळे अभ्यास, सगळ्यांचा एकच सूर. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी प्रश्न विचारा म्हटलं, तेव्हा मी उभी राहिले.

“सर, जे छापलं गेलं नाही त्याचं काय?”

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्ष एक वयस्क सर्जन होते. “म्हणजे काय, मॅडम?”

मी थोडक्यात सांगितलं. लहान अभ्यासांचे ठिपके एकाच बाजूला का पडावेत ते सांगितलं, पत्रांबद्दल सांगितलं.

“कोण हे डॉक्टर?” अध्यक्ष म्हणाले. “नावं सांगा.”

“शब्द दिलाय. नाही सांगता येणार.”

“मग ही ऐकीव गोष्ट झाली. शास्त्राच्या सभेत ऐकीव गोष्टी चालत नाहीत. बसा.”

मी बसणारच होते. धाकटीनं माझ्या कोपराला धरून मला जवळजवळ वर ढकललं.

“मग आत्ताच विचारू या,” मी म्हणाले. “या सभागृहात ज्यांनी ज्यांनी ही गोळी रोग्यांना दिलीय, त्यांनी हात वर करावेत.”

अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं, पण तोवर काही हात वर गेले होते. साधाच प्रश्न होता, आणि बऱ्याच जणांना ती गोळी देणं अभिमानाचं वाटत होतं. हात वाढत गेले.

“आता ज्यांनी आपला अनुभव कुठेतरी छापलाय, त्यांनीच हात वर ठेवावा.”

हात खाली आले. सरांचा आणि पुढच्या ओळीतल्या आणखी काहींचा, एवढेच राहिले. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. कोरा कागद सगळ्यांना समोर दिसत होता.

“खाली आलेल्यांपैकी कुणाला गुण दिसला नसेल, तर सांगावं.”

मागच्या एका ओळीत मला भिवापूरचे डॉक्टर दिसले, हाताची घडी घालून, मान खाली. मग मधल्या रांगेतून पांढऱ्या सुती साडीतल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई उठल्या. मी त्यांना ओळखत नव्हते.

“मी गडचिरोलीकडे होते,” त्या म्हणाल्या. “दोन उन्हाळे दिली ही गोळी. काही उपयोग झाला नाही. आजवर बोलले नाही, कारण सगळे लेख वाचून वाटायचं, माझंच काहीतरी चुकत असणार.”

त्या बसल्या आणि त्यांच्यामागून आणखी एक जण उठला. मग आणखी एक. सगळ्यांचं साधारण तेच: आम्हाला वाटलं आपलंच चुकलं. अध्यक्षांनी वेळ संपल्याचं जाहीर करून चहाची सुट्टी दिली. सर व्यासपीठावरून खाली उतरले आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

सायकल स्टँडवर भिवापूरचे डॉक्टर माझी वाट पाहत होते.

“मॅडम, मी हात वर नाही केला.”

“पाहिलं मी.”

“लेख लिहाल तेव्हा माझं नाव घाला. पूर्ण नाव घाला, आणि कोणाच्या हाताखाली केलं तेही.”

त्यांनी ते लिहून, सही करून दिलं. त्यांची बदली अर्थातच झाली नाही. पुढची पुष्कळ वर्षं ते मिरचीच्या ठसक्यातच राहिले.

माझ्या कागदावर सही झाली नाही. वर्ष संपलं आणि मी टेबल रिकामं केलं. सर भेटले, म्हणाले, “तुमच्यासारखी दुसरी मिळणार नाही.” मी म्हटलं, “हे लिहून द्याल का, दुसरीकडे अर्ज करायला?” त्यांनी दिलं, आणि चांगलं दिलं. माणूस एकाच मापाचा नसतो. त्या पत्रावर मला कॉमर्स कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचं काम मिळालं.

लेख मी पूर्ण केला आणि एका नियतकालिकाला पाठवला. तो परत आला: वाचकांना नव्या उपचारांत रस आहे, उपयोग न झालेल्या उपचारांत नाही. वाचून मी आणि धाकटी पोट धरधरून हसलो. न छापलेल्या अभ्यासांवरचा लेख, तोही छापला जात नव्हता! दुसरीकडे पाठवला, तिथूनही परत. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

“काहून पाहते त्यायच्या तोंडाकडे?” धाकटी म्हणाली. “आपण छापू.”

महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये स्टेन्सिल कापून घेतलं. सायक्लोस्टाइलचं यंत्र तिच्या शाळेत होतं, प्रश्नपत्रिका काढायचं. हेडमास्तरीणबाईंनी रविवारी वापरू दिलं; कागद आमचे, शाई आमची. मी कागद लावत होते, ती हँडल फिरवत होती. खांदे दुखायला लागले तरी ती मला हँडल देईना. शाईनं दोघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले. लेखाच्या वर एक ओळ आम्ही मोठ्या अक्षरांत टाकली: ‘तुमच्याकडे न छापलेला अनुभव असेल तर या पत्त्यावर कळवा. गुण आला असेल तरी, नसला तरी.’ आणि बुकपोस्टानं जिथे जिथे पहिली पत्रं टाकली होती तिथे सगळीकडे पाठवला.

उत्तरं येत राहिली, वर्षभर, दोन वर्षं. मी दर वेळी नवा आलेख काढून पुन्हा पाठवत असे. हळूहळू डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरून त्या गोळीचं नाव कमी होत गेलं. आमच्यामुळे, असं कुणी कधी म्हटलं नाही. एखादं औषध बंद होतं तेव्हा त्याचा समारंभ होत नाही. सर निवृत्त झाले, पुण्याला गेले. त्यांनी आपला पहिला लेख चुकीचा होता असं कधी लिहिलं नाही. मी माझ्या आलेखातून त्यांचा ठिपका काढलाही नाही. तो जिथे होता तिथेच, इतरांमध्ये, आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एक तरुण डॉक्टर माझ्या घरी आला. त्याच्याकडे सिकलसेलवर दुसरं औषध होतं, वेगळं, आणि आमच्या वस्तीत त्याला अभ्यास करायचा होता. त्यानं कुठेतरी आमचा शाईनं बरबटलेला कागद पाहिला होता. मला म्हणाला, आकडे तुम्ही बघाल का?

“बघेन,” मी म्हटलं. “एका अटीवर. पहिली गोळी देण्याआधी बुद्धविहारात सगळ्यांना बोलवायचं आणि सांगायचं, की काय करणार, किती जणांवर करणार, आणि जे दिसेल ते, काहीही दिसलं तरी, इथेच येऊन सांगणार.”

तो गोंधळला. “आधीच? आणि काहीच नाही दिसलं तर?”

“तर काहीच नाही दिसलं, हे सांगायचं.”

धाकटी आतून चहा घेऊन आली होती. “आणि नाही आला सांगाले,” ती म्हणाली, “त आम्ही येऊ तुमच्या कॉलेजात. आम्हाले रस्ता माहीत आहे.”

तो हसला, पण तयार झाला. विहारात सभा झाली, लोकांनी प्रश्न विचारून त्याला घाम फोडला. अभ्यास पूर्ण झाला. आकडे मी पाहिले. पुन्हा पाहिले. नव्हतं काही त्यात.

ठरल्याप्रमाणे तो आला. विहार गच्च भरला होता. आया पोरांना मांडीवर घेऊन सतरंजीवर बसलेल्या, मिलमधून सुटलेले बाप दारात उभे. त्याचा चेहरा पडलेला होता. मी बाजूला बसले होते, पण त्याच्यासाठी एक शब्दही बोलले नाही. ते त्यानंच सांगायचं होतं.

“औषधाचा उपयोग झाला नाही,” तो म्हणाला. “ज्यांना दिलं आणि ज्यांना नाही दिलं, दोघांनाही सारखाच त्रास झाला. तुम्ही एवढं केलं, आणि माझ्याकडे तुम्हाला द्यायला एवढंच आहे.”

कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी, जिची नात अभ्यासात होती, मागून बोलली, “मंग हे औषध आता दुसऱ्या गावच्या पोरांले देणार का?”

“नाही, आजी. म्हणूनच सांगून राहिलो.”

“लिहून ठेव मंग कुठं तरी. नाहीतर कोणी पुन्हा घेऊन येईल.”

“लिहितो.”

“आणि दुसरं काही सापडलं त ये,” म्हातारी म्हणाली. “नात आहेच माझी इथं.”

धाकटी उठली आणि तिनं पोरांच्या आयांना उन्हाळ्यात पाणी किती पाजायचं, ताप आला की कुठे न्यायचं, दुखायला लागलं की अंगावर काय घालायचं ते सांगायला सुरुवात केली. तो तरुण डॉक्टर सतरंजीवर तिच्यासमोर बसून सगळं लिहून घेत होता.